हितंच

जगात ‘लांब’ नावाची गोष्टच नाही असं मानणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नशिबानं माझ्याच सासरी निघाला. ते माझे चुलत सासरे. बाकीचं गाव अंतर किलोमीटरात सांगतं. आमचे मामंजी सगळी पृथ्वी एका शब्दात बसवतात: ‘हितंच.’ विहीर हितंच, वासोट्याचा किल्ला हितंच आणि चांदोलीचं जंगलही हितंच. पलटणीतून पेन्शन घेऊन आले तेव्हा त्यांच्या बरोबरीच्यांपैकी कुणी ऊस लावला, कुणी पंचायतीला उभं राहिलं. हे उठले आणि रानात चालायला लागले. का, असं विचारलं की म्हणायचे, “पलटणीत दुसऱ्याच्या हुकमावर चाललो. आता माज्या हुकमावर चालतो.”

मी भंडाऱ्याकडची. शाळा सातवीत सुटलेली, जीव मुळातच घाबरा, आणि लग्न होऊन आले ती थेट साताऱ्याच्या पश्चिमेला, कोयनेच्या पाण्याकडच्या या डोंगरात. ‘का’ऐवजी ‘काहून’ म्हटलं तरी घरातल्या पोरी तोंडाला पदर लावून हसायच्या, म्हणून मी बोलणंच कमी केलं. अशात एका सकाळी मामंजी दारातून म्हणाले, “पोरी, हितंच जाऊन येतो.” मी लगेच चहा टाकला. चहा उकळला, निवला, पुन्हा उकळला. ऊन डोक्यावर आलं तरी माझं लक्ष फाटकाकडे. सासूबाई म्हणाल्या, “आगं, कुणाची वाट बघतीस?”

“मामंजींची. इथंच गेलेत ना?”

सासूबाई हसता हसता खालीच बसल्या. “त्यो आता पुढल्या बाजाराला उगवतोय. पी त्यो च्या तूच.”

आणि खरंच, पुढच्या बाजाराच्या दिवशी दाढी वाढलेले, पिंढऱ्या जळवांनी रंगलेले मामंजी अंगणात उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, “झाला का च्या?”

पण याच शब्दानं मला तारलं, हे मी विसरणार नाही. येणारी-जाणारी प्रत्येक बाई मला बघून “लय लांबची सून केली गं बाई” म्हणायची आणि मी गोठ्याकडे सटकायची. मामंजींनी एकदा गोठ्यामागं मला रडताना पाहिलं. म्हणाले, “तुजं म्हायेर व्हय? हितंच की! ह्यो घाट उतरायचा, उगवतीकडं तोंड करायचं, आन् मधी कुटं वळायचं न्हाई.” त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की भंडारा याच जमिनीवर आहे.

त्यांची चालायची तऱ्हाही वेगळी. त्यांच्याबरोबर रान फिरलेल्या पुण्याच्या पोरांनी प्रेमानं एक महागडी सॅक भेट दिली, तिला बारा चेन आणि छातीवर शिट्टी. तीत आमच्याकडे कांदे असतात. स्वतः मामंजी खताच्या पोत्याला नाड्या शिवून पाठीवर घेतात. आत तांदूळ, खर्डा आणि घोंगडं. डांबरावर चालण्याला ते चालणं मानत नाहीत. महाबळेश्वरला एका टॅक्सीवाल्यानं दया येऊन “बसा आजोबा” म्हटलं, तर घरी येईपर्यंत रागानं धुमसत होते. तिथंच कुणा पाहुण्यांनी धबधबा कुठं विचारला आणि यांनी सवयीनं “हितंच” म्हणून बोट दाखवलं. ती माणसं दिवस मावळताना परत आली तेव्हा त्यांच्यात भांडायचंही त्राण नव्हतं. वाटेत गवा आडवा आला तर हे काठी उगारत नाहीत. “आवं पाव्हणं, सरका की वाईच,” म्हणतात, आणि तो सरकेपर्यंत त्याच्याशी पाऊसपाण्याचं बोलतात. दमलो हा शब्द तर त्यांच्या तोंडून आलेलाच नाही. चढावर थांबले की म्हणायचे, “जरा निरखतो.”

दोन-तीन वर्षांत हे निरखणं फार वाढलं. आधी डोंगरात निरखायचे, मग गावातल्या चढावर, मग आमच्या तीन पायऱ्यांवर. मागच्या हिवाळ्यात तर वरच्या धनगरवाड्याच्या लोकांनी त्यांना घोंगडीच्या झोळीत घालून खाली आणलं. गुडघा भोपळ्याएवढा झालेला आणि हे झोळीतून वाट सांगतायत. सूज उतरते न उतरते तोच पोतं पुन्हा भरायला घेतलं. यावेळी कुठं पाय अडकला आणि आसपास वाडी नसली, तर माणूस परत येणार नाही, हे घरात सगळ्यांना कळत होतं. आमचे हे म्हणाले, “मिरजंला दवाखान्यात तूच घिऊन जा. काका तुजं ऐकत्यात.”

दवाखान्याच्या जिन्यात मामंजी सांगाड्याच्या चित्रापुढं बराच वेळ निरखत उभे राहिले. डॉक्टर तरुण, गोड बोलणारे. त्यांनी विचारलं, “चालणं किती होतं आजोबा?”

“कुटलं चालणं सायेब. हितल्या हितंच.”

“म्हणजे घरातल्या घरात?”

“व्हय, घरच म्हणायचं त्ये.”

“मग थोडं चालत जा. बसून राहिलं की सांधे आखडतात.”

मामंजींचा चेहरा असा उजळला, जणू सुभेदारी मिळाली. माझ्याकडे वळून म्हणाले, “ऐकलंस न्हवं? सायबाचा हुकूम हाय!” आणि काठी घेऊन उठलेसुद्धा.

शिकलेल्या माणसापुढं मी आयुष्यात तोंड उघडलं नव्हतं. पण पोतं घरी भरून ठेवलेलं मला दिसत होतं. मी उभी राहिले आणि माझी सगळी भंडाऱ्याची भाषा एकदम बाहेर पडली: “नाही जी डॉक्टरसाहेब! यांचं हितंच म्हणजे कोयनेचं जंगल आहे जी! शिधा संपेपर्यंत हे परत येत नाहीत!”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग गुडघ्याचा फोटो निघाला, बोलणं झालं. ऑपरेशन करायचं, सपाटीला चालायचं, ओझं आणि उतार कायमचे बंद.

“आन् डोंगूर?” मामंजींनी विचारलं.

“डोंगर आता लांबून बघायचा.”

‘लांबून’ हा शब्द ऐकला आणि मामंजींनी हातातली काठी भिंतीला टेकवून ठेवली.

परतीच्या गाडीत कराडपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते आणि मी पदराचं टोक पिळत होते. शेवटी मीच म्हटलं, “मामंजी, चुकलं का जी माझं?”

“येवडा आवाज हुता तर इतकी वर्सं कुटं दडवून ठिवलावतास?” ते म्हणाले. “डोंगरात असतीस तर पल्याडच्या वाडीला ऐकू गेलं असतं.” आणि पिशवीतल्या शेंगा काढून निम्म्या माझ्या ओंजळीत ओतल्या.

ऑपरेशन नीट झालं. आता मामंजी देवळापर्यंत जाऊन येतात, तेही डांबरावरून. संध्याकाळी अंगणातल्या धोंड्यावर समोरच्या डोंगराकडे तोंड करून बसतात. मधेच उजव्या हाताचं बोट उचलतात आणि हवेत हळूहळू सरकवत नेतात. सुरुवातीला मला वाटलं, चिलटं हाकतायत. मग एकदा त्यांच्या मागं उभी राहून पाहिलं, तर बोट डोंगराच्या धारेवरून चाललं होतं. खिंडीत जरा थांबलं, पाण्याच्या जागी खाली वाकलं, मग पुन्हा चढणीला लागलं. मी जेवायला हाक मारली.

“थांब वाईच,” ते मान न वळवता म्हणाले. “उताराला लागलोय.”

तेव्हापासून मी घाई करत नाही. भाकरी झाकून ठेवते आणि ते खाली येईपर्यंत उंबऱ्यात बसते.