नवसाबाईचा रांजण

आमच्या सायखेड्याची नवसाबाई तोंडाची फटकळ, पण मनानं लाखात एक. नवरा गेला. लेक साई अंबडला कंपनीत. दर रविवारी येतो म्हणतो अन् दर रविवारी त्याला ओव्हरटाइम निघतो. मेला तो ओव्हरटाइम! म्हातारी मळ्यात एकटी. बोलायला कोण, तर दारची शेळी.

यंदा तिच्या बांधावरून पाण्याची मोठी लाईन जायचं ठरलं. आधी झाडं मोजणारे आले. बाभळी, कडुनिंब, रानातली झुडपं लिहून घेतली अन् पसार झाले. मग जुन्या वस्तू शोधणारी मोहिनी मॅडम आली. शेजारच्या उंचवट्यावर पूर्वी गाव नांदत होतं म्हणे. लाईन खणायच्या आधी तिथं खड्डा घेऊन बघायचं, खाली काही जुनं हाय का. माती उपसायला मी होते.

नवसाबाईचं तर नशीबच उघडलं. सकाळी चहा, दुपारी भाकरी-ठेचा. मॅडम नाकाडोळ्यांतून पाणी गाळत खायची अन् म्हातारी पोट धरून हसायची. तिला इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

पण खड्ड्यात काही निघेना. मॅडम म्हणाली, "मावशी, उद्या एकदा बघू, नाहीतर खड्डा बुजवून निघायचं." नवसाबाईच्या हातातली कपबशी तशीच राहिली.

सकाळी बघते तर खड्ड्याच्या कोपऱ्यात खापरं! मी ओरडलेच, "मॅडम, सापडलं!" मॅडमनं एक तुकडा पुसला, कड बघितली. कड ताजी, लालभडक. मग मीही ओळखलं. नवसाबाईच्या ओट्यावरचा रांजण होता तो. असा राग आला मला! चांगला धडधाकट रांजण फोडला बयेनं.

"मावशी, हे जुनं नाही हो," मॅडम हळूच म्हणाली.

"जुनं नाय कसं? माझ्या लग्नातला हाय," नवसाबाई काठावरून म्हणाली. "अजून किती जुनं लागतं तुमाला?"

माझा राग कुठल्या कुठे गेला.

खड्डा मीच बुजवला. खापरं तेवढी वर काढून ओट्यावर ठेवली. मॅडमची गाडी दिसेनाशी झाली तरी नवसाबाई तिथंच उभी. मला उद्यापासून विंचूरला कांदा निवडायला जायचं होतं, तिला ते ठाऊक होतं.

तरी तिनं विचारलं, "सुवर्णे, उद्या भाकरी किती टाकू गं?"