पाटील, पैठणी आणि गोडं पाणी

आमच्या घरातला पाटील मी मारला.

घाबरू नका, पाटील हा मासा होता. पण मारणं ते मारणंच, आणि त्याचा आळ मी एका भल्या माणसावर ढकलून मोकळा झालो. त्याच माणसाच्या सांगण्यावरून आता या वयात हे लिहून काढतो आहे.

माझं सगळं आयुष्य मिठाशी भांडण्यात गेलं. पुणतांब्याला गोदावरीच्या अंगाला आमची शेती. कॅनॉल आला, ऊस आला, आणि उसाला पाणी पाजून पाजून आमचं खालचं वावर क्षारपड झालं. उन्हाळ्यात तिथं पांढरी खपली धरायची, कुणी पिठाचं पोतं सांडल्यासारखी. गवताचं पातं उगवेना! मी चर खणले, जिप्सम टाकलं, वरून गोडं पाणी सोडलं, खालून खारं काढून दिलं, आणि ते वावर परत माणसात आणलं. तालुक्यातून लोक बघायला आले. (आठ-दहाच आले. पण आले.) तेव्हापासून मिठाचा विषय निघाला की मी आधी घसा खाकरतो.

अशा घरात सून आली ती रत्नागिरीकडची! मधुरा तिचं नाव. शाळेत विज्ञान शिकवते. "इथे सगळं आहे हो आबा, फक्त समुद्र नाही," असं म्हणायची. मी म्हणायचो, "गोदावरी आहे की!" त्यावर ती हसायची, पण ते हसू पाहुण्याचं असायचं. शेवटी एका दिवाळीत विजयनं, म्हणजे आमच्या चिरंजीवांनी, तिला मोठी काचेची टाकी आणून दिली. तिनं बादलीभर मीठ पाण्यात कालवलं आणि बैठकीच्या खोलीत समुद्र मांडला.

"मीठ? विकत आणून? घरात?" मी विचारलं.

"समुद्राचं खास मीठ आहे, आबा."

"अगं पोरी, सांगायचं तरी! वावरातलं ट्रॉल्या भरून दिलं असतं!"

त्या समुद्रात तिनं दोन मासे सोडले. बुटक्या जातीचे एंजल मासे, नाव कोरल ब्युटी. बोटभर लांबीचा जीव! पण पहिल्या संध्याकाळी दिवा लागला आणि मी चष्मा काढून पुसला. गर्द जांभळं अंग, पोटाशी केशरी झळाळी, आणि त्या केशरीवर जांभळ्या रेघा, अशा की विणणाऱ्यानं जन्म घालवला असता. मिठात काही उगवत नाही, हे माझं उभ्या आयुष्याचं ज्ञान. आणि इथं तर मिठात रंग फुलला होता आणि दगडावरचं शेवाळ टिपत हिंडत होता! माझा चहा गार झाला.

"अगं बया," आमची शकू पदर सावरत म्हणाली, "ही तर माझी पैठणी!"

झालं, धाकट्या माशाचं नाव पैठणी पडलं. थोरला दिवसभर टाकीभर फिरून तिला या कपारीतून त्या कपारीत हुसकावायचा, म्हणून तो पाटील. मधुरानं सांगितलं की तो नर आहे आणि ती मादी. मी मान हलवली. पाटलांबद्दल मला पहिल्यापासून आपुलकी वाटत होती.

पुढं मधुराच्या माहेरी लग्न निघालं. विजय आणि ती निघाले. दारात उभी राहून तिनं बजावलं, "आबा, टाकीतलं पाणी उडतं, मीठ उडत नाही. म्हणून कमी होईल तेवढंच गोडं पाणी घालायचं, या खुणेपर्यंत. बाकी कशाला म्हणजे कशाला हात लावायचा नाही."

"अगं, मला पाण्याचं सांगतेस?" मी घसा खाकरला.

दोन दिवस मी खुणेबरहुकूम तांब्याभर पाणी घातलं. तिसऱ्या दिवशी सकाळी टाकीच्या काठावर माझी नजर गेली आणि मी तांब्या खाली ठेवला. काठाला पांढरी खपली धरली होती! तीच खपली! जिच्यापायी मी चर खणले, ती माझ्या बैठकीच्या खोलीत येऊन बसली होती.

"शकू! टाकी क्षारपड झाली!"

शकू स्वयंपाकघरातून आली. "काय झालं?"

"मीठ वर आलंय! निचरा करावा लागेल."

"अहो, हात लावू नका. पोरीनं सांगितलंय."

"पोर कोकणातली. तिला क्षारपड काय ठाऊक? आणि तीच म्हणाली की, गोडं घालायचं म्हणून!"

"तांब्याभर म्हनली हुती."

"वावराला तांब्यानं पाणी देतात का?"

मी फवाऱ्याची नवी नळी आणली, तोंडानं ओढली (पहिला घोट पोटात गेला, त्याचं वर्णन करत नाही), आणि खालून खारं पाणी अंगणात काढून दिलं. वरून बादल्या बादल्या गोडं पाणी. शास्त्रशुद्ध निचरा! जिप्समही टाकणार होतो, पण शकू पोत्यावर बसून राहिली म्हणून वाचलं.

अर्ध्याहून जास्त पाणी बदलल्यावर मी कमरेवर हात ठेवून मागं सरलो. पाणी स्वच्छ. काठ स्वच्छ. आणि पाटील आडवा!

"अहो, त्यो असा का निजलाय?"

"आराम करतोय. आयुष्यात पहिल्यांदा गोडं पाणी मिळालंय."

तेवढ्यात पैठणीही कलली. तिचे कल्ले असे चालू झाले की जणू ती पळत सुटली आहे, पण जागच्या जागी. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझ्या वावराला जे मीठ विष होतं, तेच यांचा श्वास होतं!

"मीठ आण!" मी ओरडलो. शकू धावली आणि मिठाचा डबाच घेऊन आली. मग स्वतःच थांबली. "छे, ह्ये न्हाई. तिची बादली जिन्याखाली हाय!"

आम्ही दोघांनी ती बादली ओढत आणली. टपात मीठ कालवलं. पण किती? मोजायचं यंत्र मधुराच्या कपाटात, आणि कपाटाला कुलूप. शकूनं पळी घेतली, टपात बुडवली आणि आमटी चाखावी तसं चाखलं.

"अजून आळनी हाय."

"तुला काय कळतंय?"

"पोरांच्या लग्नात रत्नागिरीला लाट आली आन् मी पडले हुते, इसरला व्हय? घोटभर पेले मी तिचा समिंदर! टाका अजून."

मी टाकत गेलो, ती चाखत गेली. एका घोटाला तिनं डोळे मिटले, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "ह्येच. आगदी ह्येच."

ते पाणी आम्ही हळूहळू टाकीत सोडलं. मी काचेला कपाळ लावून बसलो. दुपार कलली तेव्हा पैठणी डगमगत उभी राहिली आणि एका कपारीत शिरली. पाटील उठला नाही. त्याला मी खालच्या वावराच्या बांधावर पुरलं. मातीत मीठ येऊ नये म्हणून जन्मभर राबलो आणि शेवटी स्वतःच्या हातानं खाऱ्या पाण्यातला जीव तिथं ठेवून आलो.

मधुरा आली ती चपलांसकट टाकीपाशी. "पाटील कुठाय?"

माझी जीभ भलतंच बोलली. "लाईट गेली होती गं. दिवसभर. पंप बंद पडला."

शकूनं माझ्याकडं पाहिलं. नंतर स्वयंपाकघरात म्हणाली, "मी काय बोलनार न्हाई. पर कुनी इचारलं तर खोटं बी बोलनार न्हाई." पण तिला विचारणार कोण? लाईट जाणं यात संशय घेण्यासारखं आहे काय!

मधुरानं थेट गावच्या बाळू वायरमनला गाठलं. "बाळूकाका, तुमच्या लाईटीमुळे माझा मासा गेला!" त्यानं नाही म्हणायला हवं होतं, कारण त्या दिवशी लाईट मिनिटभरही गेली नव्हती. पण बिचाऱ्याच्या नावावर गेलेल्या इतक्या लाईटी जमा होत्या की हीसुद्धा आपलीच असणार असं त्याला वाटलं! मान खाली घालून म्हणाला, "व्हय ताई. गेली आसंल."

आणि तिथून माझी खरी शिक्षा सुरू झाली. बाळू लाईट बंद करण्याआधी आमच्या घरी फोन करू लागला. "आबा, तासभर बंद करतोय. मासा सांभाळा." गावात बोभाटा झाला की, माणसाला फोन नाही, माशाला फोन! लोक त्याला चावडीवर चिडवायचे, आणि मी शेजारी बसून आभाळ बघायचो.

इकडं टाकीत काहीतरी घडत होतं. पैठणी कपारीतून बाहेर पडली. अंगानं भरली. परांच्या कडा निळ्याशार झाल्या. पाटील जसा फिरायचा तशी टाकीभर फिरू लागली. मधुरानं सोबतीला एक छोटी मादी आणली, तर पैठणी तिला कपारी-कपारीतून हुसकावू लागली!

"आबा, पैठणी आता नर झाली," मधुरा म्हणाली.

"काय झाली?"

"यांच्यात असंच असतं. आधी सगळ्या माद्या. थोरला गेला की उरलेल्यांतली दांडगी नर होते."

मी खुर्ची ओढून टाकीसमोर बसलो. सरकारदरबारी साध्या वारसनोंदीला आमच्या चपला झिजल्या, आणि हा बोटभर जीव, ना अर्ज ना साक्षीदार, मुकाट्यानं आख्खा बदलून गेला होता! इतकं थोर काहीतरी माझ्या घरात, माझ्या चुकीमुळं, माझ्या डोळ्यांदेखत घडलं होतं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

शकू भाजी निवडत म्हणाली, "म्हंजी नवरा गेल्यावर कारभार हातात घेती व्हय? बिचारी. लईच थांबली."

एके दिवशी बाळू दारात उभा राहिला. हातात बॅटरीवर चालणारा हवेचा पंप. "ताई, ह्यो ठेवा. लाईट गेली तरी ह्यो चालंल. त्या माशाचं माझ्या जिवाला लागलंय."

तिथं माझा बांध फुटला. वावर, खपली, निचरा, बादल्या, सगळं उभ्या-उभ्या ओकलो. बाळू दोन पावलं पुढं आला.

"म्हंजी... त्या दिशी लाईट गेलीच न्हवती?"

"नाही रे बाळू."

"दिवसभर हुती?"

"दिवसभर."

त्याची छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण ताणलं! "आबा, ह्ये लिवून काढा! समद्या गावाला कळू द्या!"

मधुरानं एवढंच विचारलं, "पाणी परत खारं कसं केलंत? यंत्र तर कुलपात होतं."

"चाखून," शकू म्हणाली. "तुज्या समिंदराची चव मला म्हाईत हाय."

मधुरानं सासूकडं पाहिलं आणि मग ती हसली. डोळे पुसत, पोट धरून, घरच्यासारखी. मला माफी मिळाली की नाही हे मी विचारलं नाही. पाण्याची बादली मात्र त्या दिवसापासून शकूच्या ताब्यात गेली.

आता मी रोज संध्याकाळी टाकीसमोर बसतो. मी काचेला बोट लावलं की आतून ती अंग ताठ करून माझ्यावर चालून येते, आणि त्याच क्षणी स्वयंपाकघरातून आवाज येतो, "अहो, हात लावला का?" मी बोट मागं घेतो. आमच्या घरात आता दोन पाटील आहेत. दोन्ही आधी पैठणीच होत्या. माझ्याकडं तांब्याभर गोडं पाणी घालायचं काम तेवढं उरलं आहे, आणि तेही दोघींना विचारून!