चिठ्ठीवरचा चौक

शहापूरच्या एका कॉलेजात कम्प्युटरच्या खोलीचं कुलूप उघडायचं आणि लावायचं, एवढंच वाल्मिकचं मूळ काम. पण माणूस मुळातला खटपट्या. विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स फुकट मिळतं, जुनाट मशीनवरही चालतं, म्हणून ते शिकला आणि बघता बघता शेणव्यापासून मुरबाडपर्यंत लोक त्याला मास्तर म्हणायला लागले. आवाज येत नाही, प्रिंटर ओळखत नाही, वायफाय रुसलंय, सगळ्यांचा वैद्य एकच. आणि वैद्याचं ठरलेलं शेवटचं औषधही एकच: "सगळं पुसून नवीन टाकू." बहुतेकदा गुण यायचा. म्हणूनच तर सवय लागली.

सिद्धगडाखालच्या वाडीतून भगीरथ आला तो मशीन गोणपाटात गुंडाळून, एस्टीनं. त्याची मुलगी दिपिका महिन्यापूर्वी कावीळ होऊन गेली. मशीन वाल्मिकनंच तिला तीन वर्षांपूर्वी लावून दिलेलं. वाडीतलं प्रत्येक लग्न सोमीआजीच्या गाण्यांवर लागायचं. घरच्या बोलीतली ती गाणी दिपिका आजीसमोर बसून मशीनवर मराठी अक्षरांत उतरवून घ्यायची. आजी गेल्या वर्षी गेली. गाणी आता या डब्यात होती आणि दुसरीकडे कुठेच नव्हती.

"पासवर्ड घेत नाय मास्तर," भगीरथ म्हणाला. "दवाखान्यात लिवून दिला तिनं. मला वाचता येत नाय, पन अक्षरं बघून बघून दाबली."

केसपेपरच्या मागच्या बाजूला सहा इंग्रजी अक्षरं होती. त्यांच्या वर चार घरांचा एक चौकोन, आणि चौकोनाखाली एक लांब पट्टी.

"हे काय?"

"चौक. लग्नात भितीवर काढतात ना, तसा. हात चांगला व्हता तिचा. शुभ म्हनून काढला असल."

वाल्मिकनं मान हलवली आणि अक्षरं दाबली. पडद्यावर ठिपके उमटले, पासवर्ड चुकीचा. हळू दाबून पाहिलं, दुसरा कीबोर्ड जोडला. पेनड्राइव्हवरून बाहेरून शिरायला गेला, तर पोरीनं अख्ख्या खात्यालाच कुलूप घातलेलं. पासवर्डाशिवाय आतला मजकूर म्हणजे नुसता कचरा. दोन दिवस तो झगडला, हे खरं. तिसऱ्या दिवशी वैतागला, हेही खरं.

"काका, आतलं गेलं समजा. नवीन टाकतो. वाडीतल्या पोरांना शिकायला तरी होईल."

"तुमाला कळतं त्यातलं," भगीरथ म्हणाला. नवीन टाकलेलं मशीन तो घेऊन गेला, चिठ्ठी टेबलावरच राहिली.

आठ दिवसांनी ऑफिसातल्या बाईंना मराठी टायपिंग हवं होतं. वाल्मिकनं त्यांच्या मशीनमध्ये मराठीची सोय टाकली, ती इंग्रजीच्या आधी ठेवली, मशीन बंद करून चालू केलं आणि स्वतःच दिलेला पासवर्ड चुकीचा निघाला. कळ इंग्रजी अक्षराची दाबली तरी आत मराठी अक्षर जात होतं. ठिपक्यांत ते दिसणार कसं? मराठीवरून इंग्रजीवर जायला दोन कळा एकदम दाबाव्या लागतात. त्यानं खाली पाहिलं. एकीवर विंडोजची खूण, चार घरांचा चौकोन. दुसरी म्हणजे स्पेसची लांब पट्टी.

त्यानं टेबलावरची चिठ्ठी ओढून घेतली. दिपिकाचं मशीनही मराठीवरच उघडत होतं. वाचता न येणाऱ्या बापाला कळावं म्हणून पोरीनं कळांची चित्रं काढली होती. आधी या दोन दाबा, मग अक्षरं. भगीरथला चौक दिसला, त्यात नवल नाही. पण ती कळ वाल्मिकच्या बोटाखालून रोज जात होती. त्याला स्वतःची एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. आणि पुसलेलं परत येत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

रविवारी तो वाडीवर गेला. वाटेत चार वेळा वाक्य जुळवलं, काका, चूक माझी आहे, आणि चारही वेळा मोडलं. भगीरथनं घोंगडी टाकून बसवलं, कोरा चहा दिला.

"बरं झालं आलात. ती चिठ्ठी हाय का हो तुमच्याकं? तिच्या हातचं तेवढंच रायलं."

वाल्मिकनं खिशातून काढून दिली. भगीरथनं त्या चौकोनावरून सावकाश बोट फिरवलं.

"आमच्यात चौकाबिगर लगीन लागत नाय. तिचं रायलं ना, म्हनून काढला असल तिनं." मग त्यानं कागद वाल्मिकसमोर धरला. "चांगला काढलाय ना, मास्तर?"

"हो काका," वाल्मिक म्हणाला. "चांगला काढलाय."