डावीकडे बंद होणारा व्हॉल्व्ह

निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण राहुरी तालुक्यातल्या एका पाण्याच्या टाकीखाली केलेला पंचनामा माझ्या मनातून जात नाही.

वस्तीवर आठ दिवस पाणी नव्हतं. गावठाणात मात्र नळ धो धो वाहत होते. वस्तीवरच्या बाया रिकामे हंडे घेऊन ठाण्यात आल्या. ग्रामपंचायतीने पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याकडे बोट दाखवलं. व्हॉल्व्हची चावी त्याच्याकडे, म्हणून गुन्हेगार तोच. मीही त्यालाच ठाण्यात आणून जमिनीवर बसवलं.

"कुणाच्या सांगण्यावरून बंद करतोस?"

"साहेब, सकाळी वस्तीचा व्हॉल्व्ह उघडून मी दुसऱ्या टाकीवर जातो. माघारी येतो तर बंद! आता कामावरून काढनार हायेत मला." मग थांबून म्हणाला, "त्यो व्हॉल्व्ह उलटा बसलाय. समदे उजवीकडं बंद होत्यात, ह्यो डावीकडं. नवा मानूस चुकतोच."

मी टाकीखालच्या खड्ड्यात उतरून तो फिरवून पाहिला. चुकलोच.

दुसऱ्या दिवशी शेळ्या राखणाऱ्या एका आजीबाई आल्या. "टाकीखाली बागायतदाराची फटफटी हुती. आमी काय आंधळ्या न्हाई."

गावातल्या त्या बड्या बागायतदाराची डाळिंबाची बाग गावठाणाच्या लाईनवर होती. वस्तीचं पाणी बंद झालं की त्याच्याकडे पाण्याचा जोर वाढत होता.

त्याला टाकीखाली बोलावलं. दोन पंच सोबत होते. तो हसला. "साहेब, त्या खड्ड्यात मी कशाला उतरू? मला त्यातलं काय कळतंय?"

"मग वस्तीचा व्हॉल्व्ह बंद करून दाखवा."

त्याने चावी बसवली आणि न अडखळता डावीकडे फिरवली.

"पहिल्यांदाच हात लावताय ना?" मी विचारलं. त्याचं हसू गेलं. एवढ्यावर गुन्हा शाबीत होत नाही, हे मला माहीत होतं. पण तो बोलू लागला, आणि त्याच्या मोटारीच्या खोलीतून दुसरी चावी पंचांसमक्ष जप्त झाली.

मी कर्मचाऱ्याला सगळ्यांसमोर म्हणालो, "माझं चुकलं."

"ते मागनं बोला, साहेब," तो खड्ड्यात उतरत म्हणाला. "आधी पानी सोडू द्या."

राबणाऱ्या हाताला आधी धरायचं आणि बागायतदाराला खुर्ची द्यायची, ही सवय मीही वर्दीत बाळगली होती. त्या दिवसापासून माझ्या ठाण्यात संशयिताचा जबाब घेताना खुर्ची सगळ्यांना मिळाली.