मावशीची पावडर

शाळेच्या युनिफॉर्मच्या दुकानात तिला सगळे मास्तरीण म्हणत. कापड बेततो तो मास्तर, म्हणून ती मास्तरीण. नवे पालक हमखास फसायचे आणि पोराचा अभ्यास कसा चाललाय ते तिलाच विचारायचे. तीही बिनधास्त सांगायची, गणिताकडे जरा लक्ष द्या म्हणून. मी तिच्या शेजारच्या मशीनवर काजं करते. जे डोळ्यांनी पाहिलं आणि जे तिने मला सांगितलं, तेवढंच सांगते.

तिला एकच लेक. जन्मली तेव्हा गुटगुटीत होती म्हणून नाव पडलं गोटी. शिवताना जास्तीचं कापड आत दुमडून ठेवतात, त्याला माया म्हणतात. गोटीच्या स्कर्टला मास्तरीण दुप्पट माया सोडायची, तरी वर्ष सरायच्या आत ती सगळी उसवून झालेली असायची. अंगाने भरलेली आहे, वयात आली की उतरेल, असं सगळेच म्हणत. मीही म्हणायचे. पोरीच्या मानेवर काळपट, जाडसर पट्टा दिसायला लागला, तो मळ समजून मास्तरीण घासत बसायची आणि पोरगी कळवळायची.

शाळेतल्या तपासणीत ती मान एका डॉक्टरांच्या नजरेला पडली. त्यांनी मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथल्या लहान मुलांच्या डॉक्टरबाईंनी पहिलं काय सांगितलं असेल, तर हा मळ नाही, घासू नका. शरीराला साखर झेपेनाशी झाल्याची ती खूण होती. मग रक्त तपासलं, लघवी तपासली, सोनोग्राफी झाली. लिव्हरमध्ये चरबी साठली होती आणि लघवीतून प्रथिनं जात होती, म्हणजे किडनीवरही ताण आला होता.

मास्तरीण हबकलीच. लिव्हर खराब होतं ते दारुड्यांचं, एवढंच तिला ठाऊक. अकरा वर्षांच्या पोरीने कधी दारू घेतली? डॉक्टरबाई शांतपणे समजावत राहिल्या. वजन फार वाढलं की मुलांच्या लिव्हरमध्येही चरबी जमते, आणि किडनीलाही तो भार सोसावा लागतो. पण या वयात हे मागे फिरू शकतं. त्यासाठी गोड पेयं आणि पाकिटातलं खाणं घरातून हद्दपार करायचं, एकट्या पोरीचं नाही तर सगळ्या घराचं. रोज खेळायचं, वेळेवर झोपायचं. शेवटी त्यांनी बजावलं, की मला विचारल्याशिवाय एकही पावडर, एकही गोळी हिच्या पोटात जाता कामा नये.

मास्तरणीचा नवरा ट्रकवर, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. शाळा सुटली की गोटी मावशीकडे जायची आणि आई दुकानातून परतताना तिला घेऊन यायची. ही मावशी म्हणजे मास्तरणीची धाकटी बहीण. दोघींची आई वारली तेव्हा धाकटी पाळण्यातून नुकती उतरली होती. मास्तरणीने शाळा सोडून तिला कडेवर वाढवलं, शिकवलं, तिचं लग्न लावून दिलं. आम्हाला सांगताना ‘माझी थोरली’ म्हणायची ती धाकटीलाच, आणि गोटीला ‘माझी दुसरी’.

धाकटीने घरातल्या एका खोलीत वजन उतरवायचं केंद्र काढलं होतं. भिंतीला मोठा आरसा, कोपऱ्यात वजनकाटा, फळीवर पावडरचे डबे. दवाखान्यातून मास्तरीण थेट तिच्याकडेच गेली. रिपोर्ट पुढे ठेवले आणि पोटभर रडली. तुझं ते काही हिला देऊ नकोस, असंही सांगितलं. धाकटीने तिचे डोळे पुसले आणि म्हणाली, "ताई, माझीसुद्धा लेकच ना ती."

मास्तरणीने घर बदलून टाकलं. थंड पेयांच्या बाटल्या गेल्या, बिस्किटांचा डबा गेला. नवरा घरी आला की कुरकुरायचा, मी घरी आलोय की दवाखान्यात? पण तोही जेवणानंतर लेकीबरोबर फिरायला जायला लागला. आणि गोटी उतरायला लागली. चांगली भराभर उतरली. मास्तरणीने तिचे स्कर्ट आत घेतले तेव्हा आम्ही सगळ्यांनी हातातलं काम ठेवून ते पाहिलं.

पुढच्या तपासणीला ती मिरवतच गेली. डॉक्टरबाईंनी वजन बघितलं, मग रक्ताचा रिपोर्ट बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. लिव्हरचे आकडे आधीपेक्षा वाढले होते. किडनीचा आकडाही हलला होता. वजन एवढ्या वेगाने उतरायला नको होतं, त्या म्हणाल्या. बाहेरचं काही देताय का? मास्तरणीने लेकीच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, नाही. पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. गोटी आपल्या बुटांकडे बघत बसली होती.

दुसऱ्या दिवशी मास्तरीण मला म्हणाली, "बाईंना वाटतंय मी खोटं बोलतेय." तिला स्वतःचीच शंका यायला लागली. तेलातच काही असेल, पाण्यातच काही असेल. मीठ जास्त पडलं म्हणून नवऱ्याशी कडाक्याने भांडली. दुपारचा डबा तसाच घरी परत न्यायची.

शाळा उघडायच्या आधीची गर्दी सुरू झाली. एक बाई मुलाला घेऊन आल्या, तोही अंगाने जाड. मास्तरीण माप घ्यायला लागली तर बाई म्हणाल्या, मोठा साइज नको, शाळा उघडेपर्यंत हा निम्मा होणार आहे. त्यांनी कौतुकाने फोन पुढे केला. वजन उतरवायच्या केंद्राची जाहिरात होती, त्यात एका मुलीचे दोन फोटो, आधीचा आणि नंतरचा. डोळ्यांवर पट्टी ओढलेली. पण अंगावरचा स्कर्ट मास्तरणीने माझ्यासमोर आत घेतला होता आणि त्याची काजं माझ्या हातची होती. खाली लिहिलं होतं, ‘माझ्या लेकीला नवा जन्म मिळाला. मुलीची आई.’

मास्तरणीने त्या मुलाचं माप पुरं घेतलं, कागदावर उतरवलं. मग टेप गळ्यातच ठेवून दुकानाबाहेर पडली. मी तिच्या चपला हातात घेऊन मागे धावले.

धाकटीच्या खोलीत दोन बायका वजनाला थांबल्या होत्या. मास्तरणीने आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, गोटीला काय देत होतीस? धाकटी आधी हसली, मग गडबडली, मग रागावली. पोरगी स्वतः रडत आली होती म्हणे. वर्गात ढोली म्हणतात, मावशी काहीतरी कर. सकाळ-संध्याकाळ पावडर दिली, लघवीवाटे अंगातलं पाणी उतरवायच्या गोळ्या दिल्या. वजन उतरलंच ना? मग एवढं काय बिघडलं?

"तिचे रिपोर्ट मी तुला दाखवले होते," मास्तरीण म्हणाली. "तुझ्यापाशी रडले होते मी."

धाकटीने दाराकडे पाहिलं. "ताई, जरा हळू बोल ना. गिऱ्हाइकं बसलीत."

मास्तरणीने फळीवरचा एक डबा आणि गोळ्यांची पाकिटं उचलली आणि पायऱ्या उतरली. वाटेत मला म्हणाली, ‘ती माफी मागेल असं मला वाटलं होतं. तिथे उभी असतानाही वाटत होतं.’

घरी तिने गोटीला समोर बसवलं. पोरगी म्हणाली, मावशी म्हणायची आईला सांगू नकोस, बारीक झालीस की तिला एकदम आनंद होईल. दवाखान्यात खरं बोलावंसं वाटलं होतं, पण मावशी खोटी पडली असती. फोटोचं तिला ठाऊकच नव्हतं. मावशीने नवा स्कर्ट बघू म्हणून काढला होता तो. मग तिने विचारलं, "माझ्या वर्गातल्या कुणी पाहिला असेल का?"

डॉक्टरबाईंनी डब्यावरचं सगळं वाचलं. नेमकं कशाने झालं ते सांगणं कठीण, पण सगळं आजपासून बंद. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, वेळेत कळलं. गोटीचं वजन थोडं परत चढलं, तेव्हा ती आरशासमोर रडली. किडनीचा आकडा हळूहळू पहिल्या जागेवर आला, लिव्हरचेही आकडे उतरायला लागले. चरबी अजून आहे, ती सावकाश जाईल. आता प्रत्येक तपासणीत, बाहेरचं काही देताय का, असं बाईंनी विचारलं की मास्तरीण म्हणते, तिलाच विचारा. आणि खोलीबाहेर जाऊन उभी राहते. लेकीला ते लागतं, मी बघितलंय. पण त्याला अजून तरी इलाज नाही.

शाळा सुटली की गोटी आता दुकानात येते, बटणं निवडता निवडता माझ्याशी गप्पा मारते. मग दोघी मायलेकी चालत घरी जातात. तिला गोटी म्हटलेलं आवडत नाही, म्हणून आम्ही तिला खऱ्या नावाने हाक मारतो.

तो फोटो धाकटीच्या नवऱ्याने जाहिरातीतून हटवायला लावला. केंद्र चालूच आहे. नातेवाईक मास्तरणीला सांगून थकले, रक्ताचं नातं आहे, सोडून दे. मध्यंतरी त्यांच्या मामाच्या आजारपणात दोघी बहिणी त्याच्या घरी समोरासमोर आल्या. धाकटीने पाण्याचा पेला आणून दिला. मास्तरणीने तो घेतला, पाणी प्यायली, रिकामा पेला परत दिला. "थँक्यू," म्हणाली. बहिणीशी बोलताना तिने हा शब्द उभ्या जन्मात कधी वापरला नव्हता. धाकटी पेला हातात घेऊन तशीच उभी राहिली, आणि मास्तरीण मामाच्या खाटेकडे वळली.