हा दिवा बिघडलेला नाही

“ह्यो रावण आदीच मेलेलो आसा. आता रामान मारूचो कोणाक?”

गोपाळकाकांनी चामड्याचा रावण सरळ पेटीत ठेवून दिला. “मी खेळ करूचंय नाय.”

बांद्याजवळच्या बाहुली संग्रहालयाचं उद्घाटन दुसऱ्या दिवशी होतं. दालनात कळसूत्री बाहुल्या होत्याच, पण मुख्य कार्यक्रम काकांचा. त्यांच्या घराण्याचा छायाखेळ कित्येक वर्षांनी लोकांसमोर येणार होता. संग्रहालयातल्या थिएटरचं लाइटिंग डिझाइन माझं. खेळ मोडलाच, तर तो माझ्या दिव्यापायी.

मॅनेजर परब घामाघूम झाले. “मॅडम, त्यांना समईच लावू द्या ना.”

“लाकडी छप्पर आहे, परब. फायरवाले उघडी ज्योत चालू देणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या.”

काकांची समजूत काढून रावण एकदाच पडद्यावर आणायला लावला. सावली अगदी मिळमिळीत, भिंतीला ओल आल्यासारखी. मी मागे मोठं एलईडी पॅनल लावलं होतं. उजेड मोठ्या जागेतून आला की सावलीची कड पुसट होते. शिवाय तो उजेड ढिम्म. समईची ज्योत हलते, म्हणून तिच्यापुढे सावलीही जिवंत वाटते. आमच्या धंद्यात दिवा लुकलुकला, म्हणजे ‘फ्लिकर’ झाला, की क्लायंट डोकं खातो. इथे मला तोच हवा होता. असलं काम मला फार आवडतं.

पॅनल उतरवलं. फिलामेंटचा छोटा बल्ब वायरीने लोंबता सोडला. उजेड कमीजास्त करणारा डिमर मुद्दाम अस्थिर ठेवला. लांबून एक टेबल फॅन लावला. वायर जराशी हलली आणि रावणाची दहाही तोंडं थरथरली.

काकांनी पेटीतलं हळदकुंकू काढून बल्बच्या होल्डरला लावलं. हात जोडले. “आता रावण उठलो!”

उद्घाटनाला रावण असा काही मेला, की मागच्या रांगा उभ्या राहिल्या.

महिनाभराने काकांचा फोन. “बाय, तुमचो रावण परत मेलो!”

मी कणकवलीहून तडक निघाले. नव्या इलेक्ट्रिशियनने लुकलुकणारा दिवा पाहून डिमर बदलला होता, बल्ब स्टँडवर घट्ट बसवला होता, फॅन काढून ऑफिसात नेला होता. काम अगदी चोख.

मी तासाभरात सगळं पुन्हा बिघडवून दिलं. दिवा मुद्दाम तसा ठेवलाय, हे मी वायरिंगच्या नकाशात लिहून ठेवलं होतं; पण तो कोणी उघडून बघत नाही, हे तेव्हा कळलं. म्हणून होल्डरखाली ठळक पाटी लावली: ‘हा दिवा बिघडलेला नाही. दुरुस्त करू नये.’