स्ट्रेचरवरचा परीक्षक

"थांबू नका रे! सर अ‍ॅक्टिंग करून राह्यले!"

ऋषिकेश हे माझ्या कानाशी ओरडला, तेव्हा माझं कॉलरबोन तुटलेलं होतं.

पवनारजवळ, धाम नदीच्या काठाकाठाने ऋषिकेश धरून सहा कॅडेट मला स्ट्रेचरवरून पळवत होते. स्ट्रेचर म्हणजे दोन बांबू आणि एक ब्लँकेट. फौजेतून मेजर म्हणून रिटायर झाल्यावर मी अशा कॅम्पमध्ये होऊ घातलेल्या अफसरांचं फील्ड ट्रेनिंग घेतो. जखमीला उचलून सुरक्षित जागी पोचवायचं, ही त्यातली एक चाचणी. मार्क मात्र उचलणाऱ्यांच्या कमांडरला, त्याच्या नेतृत्वाचे. जखमी म्हणून एरवी एखादा काटकुळा कॅडेट झोपवतात. मला वाटलं, आपणच झोपलो तर नेतृत्व जवळून बघता येईल. शिवाय झोपायलाही मिळेल.

ब्रीफिंगमध्ये मी बजावलं होतं, "मी रडेन, ओरडेन, आईची शपथ घेईन. विश्वास ठेवायचा नाही. शेवटी रोवलेल्या झेंड्याच्या आधी स्ट्रेचर जमिनीला टेकलं, की कमांडरला झिरो."

आणखी एक गोष्ट सांगायची असते. एक्सरसाइजमध्ये कोणाला खरोखर लागलं, तर 'नो डफ' म्हणायचं. म्हणजे नाटक संपलं, हे खरं आहे. ते ऐकलं की सगळे जागच्या जागी थांबतात. पण नेमकं तेव्हाच तर्री-पोह्याचं पातेलं आलं. मी तर्रीला प्राधान्य दिलं.

कमांडर होती अल्लीपूरची प्रणाली. पुढच्या लीडरशिप कॅम्पला आमच्यातून एकच जण जाणार होता आणि तिचं कॉलेजचं हे शेवटचं वर्ष. पुन्हा संधी नव्हती.

सुरुवातीला मी मजेत होतो. "मेलो रे!" म्हणून विव्हळायचं आणि त्याच दमात, "डावा बांबू वर घे, गधड्या!" मग नाला आला. पुढच्याचा पाय काळ्या चिखलात सटकला, ब्लँकेट तिरकं झालं आणि मी खांद्यावर, थेट दगडावर.

"स्ट्रेचर नाई टेकलं, सर टेकले! उचला!" ऋषिकेश म्हणाला. नियम मीच केलेला. पळवाटही बहुतेक माझीच.

"नो डफ!" मी कळवळलो. "नो डफ!"

"आता इंग्रजीत ओरडून राह्यले."

"भारी अ‍ॅक्टिंग होय बे. पळ!"

दर पावलाला हाडावर हाड घासत होतं. शेवटी ओरडणंही झेपेना. मी गप्प झालो.

"थांबा," प्रणाली म्हणाली. "सरले खाली ठेवा."

"काऊन? झेंडा तं समोरच दिसून राह्यला! ठेवलं तं तुले झिरो भेटते, प्रणाली!"

"भेटू दे. ठेव म्हणलं ना."

ठेवलं. तिने वाकून विचारलं, "सर, खरंच लागलं ना?" मी मान हलवली. तिने स्कार्फ सोडून माझा हात गळ्यात बांधला आणि ऋषिकेशला जीप आणायला पळवलं. हॉस्पिटलच्या वाटेवर मी विचारलं, "तुला कसं कळलं गं?"

ती जरा लाजली. "सर, तुमी आमच्या चुका काढनं बंद केलं."

संध्याकाळी कॅम्पचे प्रमुख, आमचे रिटायर्ड कर्नलसाहेब, खोलीत आले.

"मेजर, मुलीला मार्क किती?"

"सर, नियमाने झिरो."

"नियम कुणाचा?"

"माझा."

"आणि नो डफ सांगायला कोण विसरलं?"

"मीच, सर."

"मग झिरो ठेवा. फक्त कोणाच्या नावापुढे, ते नीट बघून लिहा."

उजवा हात गळ्यात होता. प्रणालीच्या नावाची शिफारस मी डाव्या हाताने लिहिली. पहिलीतल्या पोराने लिहिल्यासारखी दिसत होती, पण मी लिहिलेल्यांपैकी तीच सगळ्यात खरी.

लीडरशिप कॅम्पहून तिचा फोन आला. "सर, इथं पह्यल्याच दिवशी नो डफ शिकवलं. मी म्हणलं, मले माहीत आहे. आमच्या सरांनी तं करूनच दाखवलं."

हाड आता जुळलंय, थोडं वाकडं. ब्रीफिंग संपेपर्यंत मी पातेल्याचं झाकण उघडू देत नाही. आणि झोपायचं असेल, तर घरी झोपतो.